पडलेल्या उंदराचा पत्ता

भिवंडी म्हटलं की बाहेरच्यांना यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. आम्हा भिवंडीकरांना मात्र आताशा आधी गोदामं दिसतात. पूर्णा, दापोडे, वळ... जिकडे बघावं तिकडे पत्र्याची छपरं! आणि गोदाम म्हटलं की मला हटकून 1896 सालची मुंबईतली मांडवी आठवते.

मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींची वस्ती. त्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तिथला ताप प्लेगचा असल्याचं ओळखलं. वखारींमध्ये उंदीरही मरत होते. पण सरकारचा सगळा भर माणसांवर. घरझडत्या घ्या, रोग्यांना वेगळं काढा, घरं धुवून काढा.

साथ पसरत गेली तशी खेड्यातल्या लोकांनी मात्र आपली खूण धरली. घरात उंदीर पडला की बिऱ्हाड उचलायचं आणि माळावर झोपडी बांधायची.

या शहाणपणाला आकड्यांचा आधार मिळाला तो 1905 साली प्लेग संशोधन आयोगाचं काम सुरू झाल्यावर. परळच्या प्रयोगशाळेत मुंबईभरचे उंदीर तपासले जात आणि कुठला उंदीर कुठे सापडला, हेही टिपलं जाई. त्या नोंदी जुळवल्यावर क्रम दिसला. आधी गटारातले उंदीर, सुमारे दहा दिवसांनी घरातले, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसं. म्हणजे सावध व्हायला एवढे दिवस हातात होते!

पुढे 1957 साली कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्या मृत्यूंचाही माग काढला आणि एक नवाच विषाणू सापडला. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी पुन्हा तेच. आधी उंदीर पडले, मग माणसांना गाठी आल्या.

आता मला पडलेला प्रश्न. उद्या माझ्या गल्लीत चार कावळे मरून पडले, तर मी सांगू कुणाला? कावळा वनखात्याचा, कोंबडी पशुसंवर्धनाची, माणूस आरोग्य खात्याचा. रोगाला ही खाती ठाऊक नसतात. प्रत्येकाच्या वहीत एकेक ओळ असेल, पण त्या वह्या शेजारी ठेवून कुणी वाचल्या नाहीत तर ते दहा दिवस फुकट जातात.

असो. निदान तारीख आणि ठिकाण लिहून जवळच्या आरोग्य केंद्रात आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात, दोन्हीकडे कळवणं आपल्या हातात आहे. मेलेल्या पक्ष्याला हात मात्र लावू नका.