शेवटी नाव सांगायचं

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर गाणं शिकवणाऱ्या एक बाई राहतात. सोसायटी द्वारकेत आहे; म्हणजे दिल्लीच्या द्वारकेत, कृष्णाच्या नव्हे. इथे समुद्र नाही, मेट्रोची ब्लू लाइन आहे. बाई मराठी, साठी ओलांडलेल्या, लग्न होऊन दिल्लीला आल्या त्या इथल्याच झाल्या. मी त्यांना ताई म्हणते. गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्या फोन घेऊन वर आल्या. त्यांच्या एका शिष्येनं त्यांच्या गाण्याची रील केली होती, आणि पडद्यावर खाली झळकणाऱ्या ओळी इंग्रजीत करून हव्या होत्या. मी अनुवाद करते म्हणून हे काम माझ्याकडे. रील तीस सेकंदांची. ताई म्हणाल्या, "अगं, तीस सेकंदांत माझा सासुद्धा नीट लागत नाही. एवढ्यात लोकांना काय सांगायचं?"

मला उत्तर सुचलं नाही. पण हा प्रश्न विचारणाऱ्या ताई पहिल्या नव्हेत, एवढं नक्की ठाऊक होतं.

१९०२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात ध्वनिमुद्रणाचा कर्णा मांडून बसला. गौहर जान त्या कर्ण्यात तोंड घालून गायली आणि वेळ संपता संपता तिनं इंग्रजीत मोठ्यानं सांगितलं, 'माय नेम इज गौहर जान.' आज ते ऐकताना वाटतं, काय हा ताठा! कारण मात्र साधं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या माणसांना कोणत्या तबकडीवर कुणाच्या नावाचं लेबल चिकटवायचं ते कळावं, म्हणून गाणाऱ्यानं शेवटी नाव सांगायचं. ती घोषणा रसिकांसाठी नव्हती, कारखान्यासाठी होती. पण रसिकांनी ती आपल्यासाठीच आहे असं मानलं. मैफलीत गायक स्वतःचं नाव कशाला सांगेल? समोरच्यांना ते ठाऊकच असतं. ज्यांना ते ठाऊक नाही अशा माणसांसाठी गाणं, ही गोष्टच तेव्हा नवी होती.

एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. विलंबित ख्यालाला एवढ्यात आसनसुद्धा जमत नाही. म्हणून आलाप गेला, द्रुत बंदिशी आल्या, ठुमऱ्या आल्या, आणि आपल्याकडे नाट्यपदं आली. नाट्यपदाला हे माप फार जाचलं नाही. कित्येक जुन्या उस्तादांनी मात्र कर्ण्यासमोर बसायलाच नकार दिला. आवाज जाईल ही एक भीती, आणि घराण्याची चीज कुणीही उचलेल ही दुसरी. पहिली आपण आता हसण्यावारी नेतो. दुसरीला मी तरी हसणार नाही. तिच्याकडे पुढे यावंच लागेल.

अब्दुल करीम खाँ घाबरले नाहीत. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी रेकॉर्डिंग केलं आणि पुन्हा तिशीच्या दशकात, साठी उलटल्यावर. मिरजेच्या या गवयानं तीन मिनिटांत झिंझोटी किंवा भैरवी अशी मांडली आहे की काही कापलंय असं वाटतच नाही. त्यांच्याच एका तबकडीनं तिकडे गदगला एका शाळकरी मुलाला झपाटलं. १९३३ मध्ये, अकरा वर्षांचा असताना, तो घरातून पळाला. हा भीमसेन जोशी. तबकडीनं त्याला काय शोधायचं ते सांगितलं होतं. कुठे शोधायचं ते तिला सांगता येत नव्हतं. पोरगा विनातिकीट उत्तरेकडे गेला, ग्वाल्हेर पाहिलं, जालंधरपर्यंत पोचला. आणि अखेर गुरू मिळाले ते घराजवळच, कुंदगोळला: सवाई गंधर्व, अब्दुल करीम खाँचेच शिष्य. तीन मिनिटांची ओढ लागली, आणि पुढे कित्येक वर्षं पाणी भरण्यात आणि खर्ज लावण्यात गेली. या गोष्टीतला पळून जाण्याचा भाग सगळे सांगतात. मला तो कुंदगोळचा भाग महत्त्वाचा वाटतो. तिथे कुणी शिकवायला बसलेलं नसतं, तर त्या तबकडीचं झालं असतं काय?

हे आधीच ओळखलेला माणूस विष्णु दिगंबर पलुस्कर. कुरुंदवाडचा, फटाक्यानं दृष्टी अधू झालेला, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेला. १८९६ मध्ये मिरज सोडल्यावर त्यानं संस्थानिकाच्या आश्रयाखाली न राहता तिकीट लावून लोकांसमोर गायचं ठरवलं. गवयाचं गाणं पैसे देऊन कुणीही ऐकावं, हे तेव्हा अनेकांना हलकं वाटलं. ५ मे १९०१ ला त्यानं लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुढे स्वतःची स्वरलिपी, त्या लिपीत छापलेली पुस्तकं, छापखाना, मासिक. हल्लीच्या भाषेत सांगायचं तर श्रोता वाढवण्याची एकही जागा बुवांनी सोडली नाही. पण प्रत्येक जागेच्या मागे वर्ग होता. ऐकून आलेल्या माणसाला बसायला सतरंजी होती. हिशेबात मात्र बुवा कच्चे. मुंबईची शाळेची मोठी इमारत कर्जापायी गेली, आणि १९३१ मध्ये ते गेले तेव्हा हाती फारसं काही नव्हतं. शिष्य होते. दिल्लीचं गांधर्व महाविद्यालय १९३९ मध्ये त्यांच्याच परंपरेतल्या विनयचंद्र मौद्गल्यांनी काढलं. ताई दिल्लीत आल्यावर सुरुवातीची काही वर्षं तिथे शिकल्या.

रेडिओची गोष्ट निराळी. तिथे मालक सरकार. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. आपल्या पेटीवाल्यांनी काय करायचं हे कुणी विचारलं नाही. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर पुण्याचे. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी पुष्कळ केलं, आणि सिनेमाच्या गाण्यांना जवळपास हद्दपार केलं. श्रोत्यांनी वाद घातला नाही. काटा फिरवून सिलोन लावलं, जिथे अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली होती. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये विविध भारती सुरू करून सरकारनं हार कबूल केली. काय ऐकू यावं हे ठरवणारा कुणीतरी मध्ये असतोच. केसकरांना निदान नाव होतं, आणि लोकसभेत त्यांना प्रश्न विचारता येत होते.

पण त्याच केसकरांच्या काळात पुणे केंद्रानं जे केलं त्याला तोड नाही. सीताकांत लाडांनी मागणी केली, गदिमांनी लिहायचं आणि सुधीर फडक्यांनी चाल लावायची ठरलं. १ एप्रिल १९५५, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायणाचं पहिलं गीत प्रसारित झालं. त्या पहिल्या गीताचा कागद हरवला होता आणि गदिमांनी चिडून ते पुन्हा लिहून दिलं, ही कथा मराठी घरांत अजून चवीनं सांगतात. दर शुक्रवारी सकाळी एक नवं गीत, शनिवारी आणि रविवारी तेच पुन्हा. अधिक महिना धरून पुढच्या रामनवमीपर्यंत छप्पन गीतं झाली. लोक रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. पुण्याची वर्तमानपत्रं नव्या गीताचे शब्द छापत. गोष्ट तर सगळ्यांना पाठ होती; सीतेचं पुढे काय होणार याची उत्सुकता कुणाला असणार? तरी शुक्रवारची वाट पाहिली जायची. माझी आजी सांगायची, सकाळची कामं त्या वेळेभोवती बसवलेली असत. पंधरा मिनिटांचं माप इथे अडचण राहिलंच नव्हतं. एकच गीत तीन दिवस ऐकायचं आणि चार दिवस मनात घोळवायचं. नंतर बाबूजींनी गावोगावी गीतरामायण गायलं, तेव्हा समोर बसलेल्यांनी ते आधीच स्वतःच्या स्वयंपाकघरात ऐकलेलं होतं.

आणि तरी केसरबाई केरकर आठवतातच. गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादिया खाँच्या शिष्या. तबकड्या त्यांनी मोजक्या दिल्या. मैफल कुणी यंत्रावर उतरवून घेतलेली त्यांना खपत नसे. ऐकायचं असेल तर समोर येऊन बसा. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावर पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी त्यांची भैरवी, 'जात कहाँ हो', निवडली गेली. ती रेकॉर्ड न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात शोधून काढावी लागली. व्हॉयेजर एक ५ सप्टेंबरला उडालं. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. जिनं आयुष्यभर श्रोत्याला आपल्या दारी बोलावलं, तिची साडेतीन मिनिटं ताऱ्यांमधल्या अवकाशात गेली, आणि तिथे समोर येऊन बसायला कुणी असेल की नाही कुणास ठाऊक.

हे सगळं मी ताईंना सांगितलं नाही. रील गेली. महिन्याभरानं दुसरी केली, तिचा आवाजच बंद करून टाकला गेला. एका कंपनीच्या ध्वनिमुद्रणाशी ही चीज जुळते, असं यंत्राचं म्हणणं. चीज दीडेकशे वर्षांची तरी असेल. ताईंना गुरुजींनी ती समोर बसवून दिली होती. हरकत नोंदवायचा अर्ज मीच इंग्रजीत लिहिला. 'गुरुमुखातून मिळालेली' याला त्या अर्जात रकाना नव्हता. पुराव्यादाखल काय जोडायचं, यावर आम्ही दोघी तासभर बसलो. आवाज काही परत आला नाही. चीज उचलली जाईल म्हणून कर्ण्यापासून दूर पळालेले उस्ताद त्या रात्री मला फार जवळचे वाटले.

तिसऱ्या वेळी ताईंनी गायचंच नाही असं ठरवलं. रीलमध्ये त्या तानपुरा जुळवतात. तारेखाली सूत सरकवून जवारी लावतात, एकदा चुकते, पुन्हा लावतात, आणि सूर उघडतो तिथे तीस सेकंद संपतात. "काय लिहू खाली?" मी विचारलं.

"नाव घाल. आणि वर्गाची वेळ."

पुढच्या आठवड्यात उत्तम नगरहून एक मुलगा आला. एकोणीस-वीस वर्षांचा, मराठीचा गंध नाही, कुठल्याशा दुकानात काम करतो. तानपुरा ऐकून आलो म्हणाला. मी दळण घेऊन परतत होते, दार उघडंच होतं. ताईंनी त्याला पाऊण तास नुसता सा लावायला सांगितला होता. फोन त्यानं खिशातून काढून चपलांजवळ ठेवला होता. तो मधूनमधून थरथरत होता.