अनित्यता व पुनर्जन्म (बौद्ध मत)

सर्व संस्कार (कारणांनी घडलेल्या गोष्टी) अनित्य आहेत, कायम टिकणारा आत्मा नाही, असे बौद्ध मत सांगते. तरीही पाली ग्रंथांत जन्ममरणाच्या फेऱ्याचे वर्णन जागोजागी आढळते. मग पुन्हा जन्मतो कोण? मज्झिमनिकायाच्या ३८ व्या सुत्तात, तेच विज्ञान (जाणीव) जन्मोजन्मी संचार करते असे मानणाऱ्या साती भिक्षूला बुद्ध कठोर शब्दांत दोष देतात. परंपरेचे उत्तर प्रतीत्यसमुत्पादावर उभे आहे : काहीही संक्रमित होत नाही, कारणांची साखळी मात्र तुटत नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन दिव्यावरून दिवा लावण्याचा दाखला देतो. बुद्धघोषाच्या विसुद्धिमग्गात (५ वे शतक) याचा सूक्ष्म ऊहापोह आहे.

विसुद्धिमग्गाच्या अभ्यासात पुणे शहराचा वाटा मोलाचा. फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ ते १९१८ पाली शिकविणारे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी त्याच्या हार्वर्ड आवृत्तीचे संपादन केले. पु. वि. बापट यांचा विमुत्तिमग्ग व विसुद्धिमग्ग यांवरील तौलनिक अभ्यास १९३७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला.

आत्मा नाही पण पुनर्जन्म आहे, या विसंगतीला थेट भिडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आत्मा नसेल तर कर्म व पुनर्जन्म कसे, हा प्रश्न त्यांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’च्या (१९५७, मरणोत्तर) प्रस्तावनेतच उपस्थित केला. मृत्यूनंतर पृथ्वी, आप, तेज, वायू ही द्रव्ये आपापल्या समूहात मिसळतात व पुन्हा एकत्र येतात. पुनर्जन्म द्रव्यांचा, आत्म्याचा नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. गतजन्मीच्या कर्माने आजचे दैन्य ठरते हे मत त्यांनी नाकारले. थेरवादी परंपरेशी हे जुळत नाही. पण कर्माच्या नावाने जन्मजात विषमतेचे समर्थन करणाऱ्यांना ते ठाम उत्तर देते.