जंगी

आमच्या आगाशीच्या जुन्या घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला वीतभर उंचीचं अरुंद भोक होतं. बाबा त्याला जंगी म्हणत. "जंगीतून बघ रे, पाणी केळीत पोचलं का." मीही तोच शब्द बोलत आलो.

सातवीत 'आमचे घर' या निबंधात तो लिहिला. गुरुजींनी लाल शाईने खोडला. म्हणाले, जंगी म्हणजे मोठे. जंगी सभा, जंगी मिरवणूक. भोक कसलं जंगी? वर्ग हसला. तो राग मी घरी बाबांवर काढला. ओटीवर चार माणसं बसलेली असताना म्हणालो, "तुम्हाला शब्द येत नाहीत, मग बोलता कशाला?" बाबा गप्प राहिले. त्या दिवसापासून माझ्यासमोर ते नुसतं भोक म्हणू लागले.

परवा नातवाला घेऊन होडीने अर्नाळ्याच्या किल्ल्यात गेलो. हा किल्ला पेशव्यांच्या फौजेने १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतला आणि नव्याने बांधून काढला. पुढे १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तटावरच्या एका भोकात नातवाने हात घातला. शेजारी शाळेची सहल होती. त्यांच्या बाई मुलांना सांगत होत्या, "या जंग्या." मी जागीच थांबलो.

जंग हा फारसी शब्द, म्हणजे युद्ध. जंगी म्हणजे लढाईचं. तटातून बंदूक रोखायचं भोक ती जंगी. आतून रुंद, बाहेरून अरुंद. आतल्याला नळी फिरवता येते, बाहेरच्याला नेम सापडत नाही. लढाईचा सरंजाम मोठा, म्हणून जंगीला मोठा असाही अर्थ चिकटला. गवाक्ष या शब्दात गाईचा डोळा आहे, तशी जंगीत लढाई आहे. म्हणजे गुरुजींचं खरं होतं, पण बाबांचंही खोटं नव्हतं. किल्ल्यातल्या वस्तीत ते केळी पोचवायला जात. तिथूनच शब्द घरी आला असणार.

हे सांगायला बाबा आता नाहीत. घरही पाडलं. वाडीत पंपाच्या खोलीला वाऱ्यासाठी एक भोक ठेवलंय. नातू त्याला जंगी म्हणतो. मी त्याला टोकत नाही.