पॉवरपॉइंटमध्ये आकाराचे तुकडे कसे करायचे? कोल्हापूरच्या नकाशावरून समजून घ्या

विधानसभेचा निकाल लागला की जिल्ह्याचे रंगीत नकाशे व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. अमुक मतदारसंघ या रंगात, तमुक त्या रंगात. घाईत बनवलेल्या अशा नकाशांमध्ये एक चूक हमखास सापडते. तालुक्यांचा तयार नकाशा घेऊन त्यावरच मतदारसंघांचे रंग भरलेले असतात.

कोल्हापूर जिल्ह्यात हे चालत नाही. इथे तालुके आहेत १२ आणि विधानसभेचे मतदारसंघ १०. पन्हाळा नावाचा तालुका आहे, पण २००८च्या पुनर्रचनेनंतर त्या नावाचा मतदारसंघ उरलेला नाही. तालुक्याचा काही भाग शाहूवाडी मतदारसंघात गेला, काही करवीरमध्ये. हातकणंगले तालुक्यात हातकणंगले आणि इचलकरंजी असे दोन मतदारसंघ आहेत. करवीर तालुका तर करवीर, कोल्हापूर दक्षिण आणि कोल्हापूर उत्तर अशा तिघांत वाटला गेला आहे. म्हणजे 'करवीर' लिहिलेला तालुक्याचा आकार रंगवला, तर तीन आमदारांचा निकाल एकाच्या नावावर जातो!

त्यामुळे नकाशा बरोबर हवा असेल तर तालुक्याचा आकार कापावा लागतो. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, पॉवरपॉइंट पुरतं.

सुरी कुठे आहे?

पॉवरपॉइंटमध्ये आकार कापायची वेगळी सुरी नाही. एका आकाराने दुसरा आकार कापायचा, अशी इथली रीत आहे. हे काम करतो 'मर्ज शेप्स' हा मेनू. दोन किंवा जास्त आकार निवडले की 'शेप फॉरमॅट' टॅबमध्ये तो वापरता येतो. त्यात पाच पर्याय आहेत: युनियन, कम्बाइन, फ्रॅगमेंट, इंटरसेक्ट आणि सबट्रॅक्ट. २०१०च्या आवृत्तीत यातले चारच होते आणि तेही रिबनवर स्वतः आणून बसवावे लागायचे. २०१३मध्ये ते थेट टॅबवर आले आणि फ्रॅगमेंटची भर पडली. तुकडे करण्यासाठी हाच फ्रॅगमेंट कामाचा.

आधी पन्हाळ्याचा आकार हवा. नकाशाचं चित्र स्लाइडवर ठेवा, 'फ्रीफॉर्म' निवडा आणि सीमेच्या प्रत्येक वळणावर क्लिक करत जा. शेवटचा क्लिक पहिल्या बिंदूवर केला की आकार बंद होतो.

आता कापणारा आकार. बहुतेक जण इथे सरळ रेष ओढतात आणि मर्ज शेप्स करडाच का दिसतोय म्हणून डोकं खाजवतात. साध्या रेषेला आतला भाग नसतो, म्हणून ती चालत नाही. काही जण बारीक आयत वापरतात. त्याने काप जातो, पण आयताच्या जाडीएवढी पट्टी मधून निघून जाते. त्यापेक्षा पुन्हा फ्रीफॉर्म घ्या. तालुक्याच्या आत मतदारसंघाच्या सीमेवरून नेमकं चाला, बाहेर पडल्यावर मात्र ऐसपैस वळसा घालून सुरुवातीच्या बिंदूवर या. तालुक्याबाहेरची रेघ वाकडीतिकडी असली तरी बिघडत नाही.

आधी तालुका निवडा, मग शिफ्ट दाबून कापणारा आकार निवडा आणि फ्रॅगमेंट करा. तालुक्याचे दोन भाग होतील आणि बाहेरचा उरलेला तिसरा तुकडा दिसेल. तो डिलीट करा. जो आकार आधी निवडला त्याचा रंग सगळ्या तुकड्यांना मिळतो. सबट्रॅक्टमध्ये तर क्रम चुकला की भलताच आकार शिल्लक राहतो. मूळ आकार या सगळ्यात नाहीसे होतात, म्हणून आधी स्लाइडची कॉपी करून ठेवलेली बरी.

बिंदू आधी हलवा, काप नंतर

सीमा थोडी चुकली असेल तर आकारावर राइट क्लिक करून 'एडिट पॉइंट्स' निवडा. कडेवर काळे ठिपके येतात. ठिपका ओढला की कड सरकते. ठिपक्यावर क्लिक केल्यावर दोन पांढरे चौकोन दिसतात, त्यांनी वळणाचा बाक बदलतो. कंट्रोल दाबून ठिपक्यावर क्लिक केलं तर तो जातो, कडेवर केलं तर नवा येतो.

हे सगळं फ्रॅगमेंटच्या आधी उरकायचं. एकदा काप गेला की दोन्ही तुकडे स्वतंत्र होतात. मग एकाची कड सरकवली तरी शेजारचा जागचा हलत नाही आणि मध्ये फट पडते. बारा तालुके वेगवेगळे रेखाटून शेजारी शेजारी बसवले तरी हीच फट दिसते. जिल्ह्याची बाहेरची सीमा एकदाच काढून आतून तुकडे पाडत गेलं, की शेजाऱ्यांची कड आपोआप एकच राहते. तुकडे वाढले की गोंधळ होतो, तेव्हा ऑल्ट आणि एफ१० दाबून 'सिलेक्शन पेन' उघडा आणि प्रत्येक तुकड्याला नाव देऊन टाका.

पुढचं सोपं आहे. गगनबावडा तालुका, पन्हाळ्याचा एक भाग आणि करवीर तालुक्याचा एक भाग निवडून युनियन केलं की करवीर मतदारसंघ तयार. चुकून कम्बाइन दाबू नका, त्यात जिथे आकार एकमेकांवर येतात तिथे भोक पडतं.

काप नेमका कुठून द्यायचा, हे मात्र पॉवरपॉइंट सांगत नाही. २००८च्या मतदारसंघ पुनर्रचना आदेशात कोणत्या तालुक्यातली कोणती महसूल मंडळं कुठल्या मतदारसंघात आहेत, ते लिहिलेलं आहे. ती यादी समोर ठेवूनच रेघ ओढावी. अंदाजाने ओढलेली रेघही स्लाइडवर तितकीच ठाम दिसते, हीच यातली अडचण.

पुराच्या नकाशांचंही तसंच. शिरोळ तालुक्याच्या आकाराची कॉपी आणि पूरक्षेत्राचा आकार घेऊन इंटरसेक्ट केलं, की तालुक्यातलं तेवढंच क्षेत्र वेगळं मिळतं. पण तो पूरक्षेत्राचा आकार जलसंपदा विभागाच्या निळ्या किंवा लाल पूररेषेवरून काढलेला हवा. पंचगंगेची रेघ जाड करून तिला पूरपट्टा म्हणता येत नाही. राजाराम बंधाऱ्याजवळची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी म्हणजे पाण्याची उंची, त्यावरून पाणी कुठवर पसरलं ते नकाशावर काढता येत नाही.

पॉवरपॉइंट नसेल तर?

गुगल स्लाइड्समध्ये मर्ज शेप्ससारखी सोय नाही. फुकटच्या लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये मर्ज, सबट्रॅक्ट आणि इंटरसेक्ट आहेत, बिंदू हलवायला एफ८ दाबायचं. फ्रॅगमेंटऐवजी दोन्ही आकारांच्या कॉपी करा. एका जोडीवर सबट्रॅक्ट, दुसरीवर इंटरसेक्ट केलं की दोन्ही भाग हातात येतात. इथे सबट्रॅक्टमध्ये निवडीचा क्रम चालत नाही, जो आकार सर्वांत खाली असतो त्यातून बाकीचे वजा होतात.

काम झाल्यावर सगळे तुकडे निवडून ग्रुप करा, राइट क्लिक करून 'सेव्ह ॲज पिक्चर'ने पीएनजी काढा आणि कोपऱ्यात सीमा कोणत्या वर्षाच्या आहेत ते लिहा. बारा तालुक्यांची मूळ स्लाइड मात्र डिलीट करू नका. पुढच्या पुनर्रचनेत रेषा बदलल्या, तर काप पुन्हा तिथूनच सुरू करावे लागतील.