मानव्यविद्येचे संशोधन आणि ब्राउझर : शोध, पारख, नोंद

भंडारा : वैनगंगेकाठच्या पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने संयुक्तपणे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. त्याचा शां. भा. देव व जगत्पती जोशी यांनी लिहिलेला अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा विषयावर लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्वी संदर्भांच्या शोधासाठीही नागपूर गाठावे लागे. आता तो शोध तुमसर किंवा साकोलीत बसूनही सुरू करता येतो. मात्र, ब्राउझर उघडता येणे आणि त्यातून विश्वासार्ह संदर्भ मिळवता येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आधी ओळख साधनाची

ब्राउझर म्हणजे संकेतस्थळे उघडणारी आज्ञावली. क्रोम, फायरफॉक्स ही तिची उदाहरणे. गुगल हे शोधयंत्र असून ते कोणत्याही ब्राउझरमध्ये चालते. उपयुक्त पान 'बुकमार्क' करून विषयवार कप्प्यांत ठेवावे. उघडलेल्या लांबलचक पानावर नेमका शब्द हुडकण्यासाठी कंट्रोल आणि एफ या कळा एकत्र दाबाव्यात. छायाचित्राप्रमाणे स्कॅन केलेल्या आणि अक्षरओळख न केलेल्या पीडीएफमध्ये मात्र ही युक्ती चालत नाही. तेथे अनुक्रमणिका व सूचीच पाहावी लागते.

एका गावाची अनेक रूपे

शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिल्यास शोधयंत्र ते शब्द त्याच क्रमाने शोधते. नको असलेल्या शब्दामागे वजाचे चिन्ह जोडल्यास तो शब्द असलेली पाने वगळली जातात. 'साइट' हा शब्द रोमन लिपीत लिहून त्याला जोडून अपूर्णविरामाचे दोन टिंब आणि संकेतस्थळाचा पत्ता दिल्यास शोध त्याच स्थळापुरता मर्यादित राहतो.

स्थानिक इतिहासात खरी अडचण नावांची असते. इंग्रजी ग्रंथांत 'पवनी'मधील 'व'साठी कोठे यू, कोठे डब्ल्यू, तर कोठे ओ हे अक्षर आढळते. वैनगंगेचेही जुने स्पेलिंग निराळे आहे. त्यामुळे देवनागरीत एकदा आणि रोमन लिपीतील प्रत्येक रूपाने स्वतंत्रपणे शोध घ्यावा. पवनी नावाची अन्य गावेही आहेत. म्हणून सोबत भंडारा हा शब्द जोडावा.

कोठे शोधावे?

'शोधगंगा' या इन्फ्लिबनेट केंद्राच्या भांडारात भारतीय विद्यापीठांतील पीएच.डी. प्रबंध विनामूल्य वाचता येतात. प्रबंधाच्या अखेरची संदर्भसूची हा पुढील वाचनाचा उत्तम नकाशा ठरतो. २००४ मध्ये सुरू झालेले 'गुगल स्कॉलर' शोधनिबंध दाखवते आणि त्यांचा उल्लेख पुढे कोणी केला, हेही सांगते. जुन्या, स्वामित्वहक्कमुक्त ग्रंथांसाठी 'इंटरनेट आर्काइव्ह' पाहावे. जुन्या मराठी शब्दांच्या अर्थासाठी मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. मराठी विश्वकोशही आंतरजालावर उपलब्ध आहे.

आकड्यांची पारख

१९९१ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख होती. २०११ मध्ये ती १२,००,३३४ नोंदली गेली. हे दोन आकडे शेजारी ठेवून जिल्हा ओस पडला, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि तितकेच चुकीचे. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वीच्या आकड्यांत गोंदियाचा भागही समाविष्ट आहे. १९०८ च्या जिल्हा गॅझेटियरमधील माहिती वापरतानाही हेच भान ठेवावे लागते. शोधयंत्र आकडा दाखवते. तो कोणत्या सीमांचा, हे अभ्यासकानेच तपासायचे असते. लेखक कोण, प्रकाशक कोण, वर्ष कोणते आणि मूळ आधार कोणता, या चार प्रश्नांची उत्तरे न देणारे पान आधार म्हणून वापरू नये. विकिपीडियातील लेखाचा उपयोगही तळटीपांतील मूळ ग्रंथापर्यंत पोहोचण्यासाठी करावा.

नोंद आणि उसनवारी

'झोटेरो' ही २००६ पासून मोफत उपलब्ध असलेली आज्ञावली ब्राउझरमधून लेखक, शीर्षक, वर्ष टिपून घेते आणि संदर्भसूची तयार करते. मराठी नावांच्या नोंदी मात्र एकदा तपासाव्यात. संकेतस्थळे बदलतात, बंदही पडतात; त्यामुळे पान पाहिल्याची तारीख लिहावी आणि शक्य असल्यास 'वेबॅक मशीन'मध्ये त्याची प्रत जतन करावी.

मजकूर उचलून चिकटवण्याचा मोह महागात पडू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधात ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. टिपण काढतानाच दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत आणि आपले शब्द वेगळे ठेवावेत.

सर्वच ग्रंथ आंतरजालावर नाहीत. अशा वेळी ग्रंथाचे पूर्ण नाव, लेखक आणि प्रकाशनवर्ष ब्राउझरवर शोधून ते ग्रंथपालांकडे द्यावे. नेमकी मागणी हाती असली, की नागपूरची एक फेरी पुरेशी ठरते.