खिशातली पुडी आणि पोलीस व्हेरिफिकेशन

चाकण, भोसरी, तळवडे या पट्ट्यात कामाला लागताना बऱ्याच ठिकाणी आधार कार्डासोबत पोलीस व्हेरिफिकेशन मागतात. म्हणून आजचा प्रश्न आपल्या जवळचा आहे. खिशात गांजाची छोटी पुडी सापडणं हा गुन्हा झाला कधी?

चला १८९३ मध्ये. गांजामुळे भारतातले लोक बिघडतायत का, असा प्रश्न ब्रिटिश संसदेत आला. सरकारने आयोग नेमला, त्याने हजाराहून जास्त साक्षी घेतल्या. तेव्हा आपल्या अहमदनगर भागात गांजा पिकायचा, परवाना असलेल्या दुकानात विकला जायचा. १८९४ चा निष्कर्ष असा: अतिरेक वाईट, पण सरसकट बंदी नको, कर लावा, नियंत्रण ठेवा. अर्थात, सरकारला महसूलही हवाच होता!

बंदी आली स्वातंत्र्यानंतर. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात गांजाही होता. पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८५ मध्ये केंद्राचा एनडीपीएस कायदा आला. त्यात भांगेची पानं सुटली, गांजाचे शेंडे अडकले. झाड एकच बरं का!

२००१ मध्ये वजनाप्रमाणे शिक्षा ठरली. १ किलोपर्यंत गांजा म्हणजे 'अल्प प्रमाण'. आज त्याला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिक्षा कमी, पण गुन्हा तो गुन्हाच.

पोर्तुगालने त्याच २००१ मध्ये वेगळं केलं. विक्री गुन्हाच ठेवली. पण स्वतःपुरता माल सापडलेला माणूस कोर्टाऐवजी समितीपुढे जातो.

गांजा निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. प्रेसवर लक्ष उडालं तर बोटं जातात. पण बावीस वर्षांच्या पोराला दंडापेक्षा केस जड जाते: तारखा, वकील, खाडे, आणि पुढच्या नोकरीच्या फॉर्ममधला तो रकाना. नशा सोडवायची तर हातातलं काम काढून कसं चालेल?

आपल्या कायद्यातही एक दार आहे, कलम ६४अ. व्यसनात अडकलेल्याने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन पूर्ण केले, तर अल्प प्रमाणाच्या केसमध्ये खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर सूट जाऊ शकते. रूमवर कुणी अडकलेलं असेल तर त्याला एवढं नक्की सांगा.