खुर्चीत कोण बसलं, त्याआधी खुर्चीचं कलम वाचा

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर कोण? एमपीएससीची तयारी केलेलं कुणीही झोपेतून उठून सांगेल: चिंतामणराव देशमुख, ११ ऑगस्ट १९४३. एक मार्क पक्का. पण तुम्हाला रिसर्च करायचा असेल, तर हे उत्तर म्हणजे शेवट नाही, सुरुवात आहे. कशी, ते बघू.

आधी माणूस. जन्म १८९६, रायगडाजवळच्या नाते गावातला. केंब्रिजला शिकले ते अर्थशास्त्र नाही, तर बॉटनी, केमिस्ट्री आणि जिऑलॉजी. (माझ्यासारख्या सायन्सवाल्यांना तेवढाच आधार!) पुढे आयसीएस होऊन मध्य प्रांत आणि वऱ्हाडात नोकरी. आपला वर्धा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता, राजधानी नागपूर. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि १९४१ च्या डिसेंबरात डेप्युटी गव्हर्नर झाले.

आता तारखांकडे नीट बघा. आधीचे गव्हर्नर जेम्स टेलर पदावर असतानाच १७ फेब्रुवारी १९४३ ला वारले. देशमुखांची नेमणूक ऑगस्टमध्ये. मधले जवळजवळ सहा महिने, तेही ऐन महायुद्धात, पूर्णवेळ गव्हर्नरच नाही. नावांची यादी पाठ करताना ही फट दिसत नाही. तारखा शेजारी शेजारी मांडल्या की दिसते. आणि मग प्रश्न पडतो, गव्हर्नर नेमायचा कोणी?

उत्तर १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्यात, कलम ८ मध्ये आहे. बँक तेव्हा भागधारकांची होती, भांडवल ५ कोटी रुपये. पण गव्हर्नर नेमायचे ते गव्हर्नर जनरल इन कौन्सिल, म्हणजे सरकार. बँकेच्या केंद्रीय मंडळाने शिफारस केली तर ती 'विचारात घेऊन'. इथे थांबा. 'मान्य करून' असं कायदा म्हणत नाही. मंडळाने सुचवायचं, सरकारने ठरवायचं. पदावरून काढायचा अधिकारही सरकारकडेच. पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ यांचं विनिमय दर आणि व्याजदरावरून सरकारशी पटलं नाही, आणि १९३७ मध्ये ते गेले. एकाही नोटेवर त्यांची सही नाही.

मग नोटेवर भारतीय माणसाची सही आली, तेव्हा बदललं काय? खरा प्रश्न हा आहे.

ब्रिटन युद्धासाठी भारतात माल घेत होता, पण पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगमध्ये जमा करत होता. कायद्याने रिझर्व्ह बँकेला ठरलेल्या दराने, एका रुपयाला साधारण १ शिलिंग ६ पेन्स, स्टर्लिंग विकत घेणं भाग होतं. स्टर्लिंग तिकडे साठलं, त्याच्या आधारावर इकडे नोटा छापल्या गेल्या. माल सैन्याकडे, नोटा बाजारात, भाव भडकणारच. देशमुख गव्हर्नर झाले त्या वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली. दुष्काळाची कारणं अनेक, पण हातावर पोट असणाऱ्याच्या रुपयाची किंमत कोसळणं हे त्यातलं एक.

याच काळात या नोटांविरुद्ध एक आवाज वर्ध्यातून उठत होता. मगनवाडीत ग्रामोद्योग संघ चालवणारे जे. सी. कुमारप्पा लंडनला अकाउंटन्सी आणि कोलंबियाला सार्वजनिक वित्त शिकलेले. चलनवाढीवर त्यांनी पुस्तिकाच लिहिली. एक आयसीएस अधिकारी खुर्चीत, एक गांधीवादी खुर्चीबाहेर. दोघांपैकी कोण देशभक्त, असा प्रश्न विचारला तर फक्त भांडण हाती लागतं. खुर्चीतल्या माणसाला कायद्याने काय करता येत होतं, असं विचारलं तर अभ्यास सुरू होतो.

स्वातंत्र्यानंतर तरी खुर्ची मोकळी झाली का? १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हाही गव्हर्नर देशमुखच. कलम ८ मधून मंडळाच्या शिफारशीचे शब्द गेले. नेमणूक थेट केंद्र सरकारकडे. आणि कलम ७ मध्ये नवी तरतूद आली: सार्वजनिक हितासाठी सरकार बँकेला निर्देश देऊ शकतं, मात्र गव्हर्नरशी सल्लामसलत करून. म्हणजे आधी नेमणुकीपूर्वी मंडळाचं मत विचारात घ्यायचं होतं, आता निर्देशापूर्वी गव्हर्नरचं. दोन्हीकडे शेवटचा शब्द सरकारचाच. गव्हर्नर बदलले की आजही टीव्हीवर स्वायत्ततेची चर्चा रंगते, तेव्हा ही दोन कलमं शेजारी ठेवून ऐका.

तुमचा विषय कुठलाही असो, एखाद्या पदावर लिहिताना तीन गोष्टी आधी काढा: नेमतं कोण, काढतं कोण, आणि कायदा हात कुठे बांधतो. चरित्र त्यानंतर वाचा. मी उलट क्रमाने गेले आणि दोन महिने नुसती माणसाच्या प्रेमात होते. कलमं नंतर वाचली, आणि सगळ्या नोट्स पुन्हा काढाव्या लागल्या.